मोझांबिकचे दोन मासे

ठाण्याच्या किंवा कल्याणच्या एखाद्या तलावाकाठी संध्याकाळी गळ टाकून बसलेल्या माणसाच्या पिशवीत डोकावले, तर त्यात बहुधा चिलापी दिसते. करड्या-हिरवट रंगाचा, पाठीवर काटेरी पर असलेला, तळहाताएवढा हा मासा आता इतका ओळखीचा झाला आहे की तो इथला नाही असे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. चिलापी हे तिलापियाचे आपण केलेले रूप. या माशाचे शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस मोसांबिकस. नावातच त्याचे गाव आहे.

हे नाव ठेवणारा विल्हेल्म पीटर्स बर्लिनचा. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ १८४२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आफ्रिकेकडे निघाला. पोर्तुगीजांच्या ताब्यातील मोझांबिकमध्ये, झांबेझी नदीच्या खोऱ्यात त्याने काही वर्षे काढली आणि सस्तन प्राण्यांपासून किड्यांपर्यंत जे सापडेल ते बर्लिनला नेले. पुढे तो तिथल्या प्राणिसंग्रहाचा प्रमुख झाला आणि आयुष्यभर या संग्रहावर काम करत राहिला. चिलापीचे वर्णन त्याने १८५२ मध्ये प्रसिद्ध केले. पण त्याआधी, १८४४ मध्येच, केलिमाने या किनाऱ्यावरच्या गावाजवळ मिळालेल्या एका चिमुकल्या माशाचे वर्णन त्याच्या नावावर आहे. बोटाएवढाही लांब नसलेला हा मासा आज नोथोब्रँकियस ऑर्थोनोटस या नावाने ओळखला जातो. यातील नोथोब्रँकियस ही प्रजातीही पीटर्सनेच १८६८ मध्ये स्थापन केली.

म्हणजे हे दोन मासे एकाच माणसाने, एकाच प्रवासात शास्त्राच्या वहीत आणले. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत त्यांचे जे झाले त्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक जण जगभरच्या तळ्यांत पसरला. दुसरा शौकिनांच्या काचेच्या टाक्यांत राहिला आणि तिथून संशोधनाच्या प्रयोगशाळेत गेला. या फरकाला दोन्ही माशांचे गुणधर्म कारण आहेत हे उघडच आहे. पण आणखी एक कारण आहे, आणि ते शिक्षकांच्या कामाचे आहे: प्रवासात माशाबरोबर कागदाची एक चिठ्ठी गेली की नाही.

चिलापी आली कशी?

१९३९ साली जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेरांग नदीच्या मुखापाशी, मुजायर नावाच्या एका गावकऱ्याला हे मासे सापडले. त्याने ते घरी आणून हळूहळू गोड्या पाण्यात रुळवले. त्यातले पाच जगले, असे सांगतात. इंडोनेशियात आजही या माशाला मुजायरच म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील मासा हिंदी महासागर ओलांडून जावात कसा पोचला, याचा कागद कुठेच नाही. कोणा शौकिनाच्या टाकीतून तो सुटला असावा, असा एक तर्क आहे. तो अगदी अशक्य नाही, कारण या माशाची मादी अंडी आणि पिल्ले स्वतःच्या तोंडात सांभाळते, आणि हे दृश्य पाहण्यासाठी लोक असले मासे हौसेने पाळत असत.

जावातून हा मासा आग्नेय आशियात सगळीकडे गेला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा तो काळ. अन्न कमी, माणसे जास्त. कुठल्याही डबक्यात जगणारा, काहीही खाणारा, वर्षातून अनेकदा वीण देणारा मासा मिळाला म्हणजे प्रथिनांचा प्रश्न सुटलाच, असे भल्याभल्यांना वाटत होते. १९५२ मध्ये तो सिलोनहून मंडपमच्या मत्स्यसंशोधन केंद्रात आला. त्याच वर्षी बँकॉकहूनही तो भारतात आणला गेला. त्या वेळच्या अधिकाऱ्यांना आज नावे ठेवण्यात अर्थ नाही. 'अधिक धान्य पिकवा' ही घोषणा भिंतींवर रंगवलेली असण्याचे ते दिवस होते.

पण ज्या गुणांसाठी हा मासा आणला तेच गुण अंगाशी आले. कोमट पाण्यात तो दोन-तीन महिन्यांत वयात येतो. मादीच्या तोंडात अंडी सुरक्षित असल्यामुळे पिल्ले मोठ्या प्रमाणावर वाचतात. मग तळ्यात गर्दी होते, अन्न पुरत नाही, आणि मोठा मासा वाढण्याऐवजी बोट-दोन बोटे लांबीचे असंख्य मासे तयार होतात. तेही त्याच आकारात अंडी घालू लागतात. रोहू-कटल्याच्या तळ्यात चिलापी शिरली की मालकाचे गणित चुकते ते असे. १९५९ मध्ये देशाच्या मत्स्यसंशोधन समितीने तिचा प्रसार रोखायचे ठरवले. तोपर्यंत ती पुढे गेलेली होती. भीमेवरच्या उजनी जलाशयात तर ती इतकी माजली की भिगवण-इंदापूरच्या बाजारात चिलापी हेच मुख्य पीक झाले. आता तिच्यावर शेकडो कुटुंबे पोट भरतात, त्यामुळे तिला निव्वळ खलनायक ठरवणेही सोपे नाही.

ठाणे-कल्याणच्या तलावांत ती टिकली याचे कारण वेगळे आहे. सांडपाणी, निर्माल्य, साचलेला गाळ यांमुळे पाण्यातला प्राणवायू कमी होतो तेव्हा स्थानिक मासे आधी मरतात. चिलापी पृष्ठभागालगतचे पाणी कल्ल्यांवरून घेत तग धरते. तलावातले मासे मरून तरंगू लागल्याची बातमी येते तेव्हा कोणते मासे मेले आणि कोणते उरले, हे विद्यार्थ्यांनी जाऊन पाहण्यासारखे असते.

गंमत अशी की जगभर पसरलेल्या या माशाला त्याच्या मूळ घरी धोका निर्माण झाला आहे. दक्षिण आफ्रिका-मोझांबिकच्या नद्यांत शेतीसाठी आणलेल्या नाईल तिलापियाशी त्याचा संकर होतो आणि शुद्ध वंश हरवत चालला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत तो आता 'असुरक्षित' गटात आहे. मग आपल्या तळ्यांतली चिलापी नेऊन तिथे सोडता येईल का, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारेल. उत्तर 'नाही' असे आहे. जावाच्या मूठभर माशांतून वाढलेली आणि नंतर आणलेल्या इतर तिलापियांत मिसळलेली ही चिलापी नेमकी कोण आहे, हे सांगणारी चिठ्ठीच तिच्याबरोबर नाही.

कोरड्या मातीतला मासा

आता दुसरा मासा. नोथोब्रँकियस हा किलीफिश गटातला. नावात 'किल' असले तरी मारण्याशी त्याचा संबंध नाही. डच भाषेत किल म्हणजे ओढा, त्यावरून हे नाव आले असे मानतात. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात पावसाळ्यात खोलगट जागी पाणी साचते. ही डबकी काही आठवडे ते काही महिने टिकतात आणि मग तळापर्यंत सुकतात. नदीशी, तळ्याशी त्यांचा संबंध नसतो. तरीही पुढच्या पावसानंतर थोड्याच दिवसांत त्यांत मासे फिरताना दिसतात. असे मासे पावसाबरोबर आभाळातून पडतात, अशी समजूत अनेक देशांत होती यात नवल नाही.

खरी गोष्ट समजुतीपेक्षा अधिक नवलाची आहे. पाऊस पडताच मातीतली अंडी काही तासांत फुटतात. पिल्ले झपाट्याने वाढतात. पूर्ण वाढलेला मासा चार-सहा सेंटिमीटरचा. नर तांबडा, निळा, नारिंगी, अगदी दागिन्यासारखा. मादी मात्र मातकट. वयात आल्यावर मादी रोज थोडी थोडी अंडी तळच्या चिखलात घालते. डबके आटते, सगळे मासे मरतात, चिखल वाळून भेगाळतो. अंड्यांतले भ्रूण मात्र जिवंत असतात. त्यांनी आपली वाढ थांबवलेली असते. या थांबण्याला सुप्तावस्था म्हणतात आणि ती वाढीच्या तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर येऊ शकते. जॉन वूर्म्स या अमेरिकी संशोधकाने १९७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील अशाच माशांवर काम करून हे टप्पे नीट मांडले.

सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत, हा यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग. पहिला पाऊस पडला आणि नंतर ओढ दिली, तर फुटलेली सारी पिल्ले मरतील. म्हणून काही भ्रूण पहिल्या पावसाला दाद देत नाहीत, काही पुढच्या वर्षापर्यंत थांबतात. दुबार पेरणीचे संकट ज्याने पाहिले आहे त्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सगळे बियाणे एकाच पावसाच्या भरवशावर टाकू नये, हे या माशाच्या वंशात लाखो वर्षांच्या निवडीतून रुजलेले आहे.

आणखी एक ओळखीची गोष्ट. ब्रायन वॉटर्स या भूशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अशा डबक्यांचा अभ्यास करून दाखवले की हे मासे कुठल्याही मातीत सापडत नाहीत. भिजली की फुगणारी, वाळली की भेगाळणारी, ओल धरून ठेवणारी चिकणमाती त्यांना लागते. म्हणजे आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीच्या जातकुळीची माती. मग आपल्याकडे काळी माती आहे, मोसमी पाऊस आहे, उन्हाळ्यात सुकणारी डबकी आहेत, तरीही असा मासा का नाही? या प्रश्नाकडे थोड्या वेळाने येऊ.

पाकिटातून प्रवास

शौकिनांच्या टाकीत हे मासे विसाव्या शतकात आले. झांझिबारचा नोथोब्रँकियस गुन्थेरी १८९३ मध्ये फेफर याने वर्णिला होता. मोझांबिकमधील बेइरा बंदराजवळच्या एका अत्यंत सुंदर माशाला १९२६ मध्ये नोथोब्रँकियस राकोवी हे नाव मिळाले, ते आर्थर राकोव या जर्मन मत्स्यपालकावरून. म्हणजे तोवर शौकीन आणि शास्त्रज्ञ यांची देवाणघेवाण सुरू झालेली होती. या माशांना 'वार्षिक मासे' ही संज्ञा रूढ करणारा जॉर्ज मायर्स हा स्टॅनफर्ड विद्यापीठातला मत्स्यशास्त्रज्ञ. पण १९५२ मधला त्याचा यावरचा लेख शौकिनांच्या मासिकात आला. शास्त्रज्ञाने शौकिनांसाठी लिहावे आणि त्या लिखाणाचा दाखला पुढे शास्त्रीय निबंधांत दिला जावा, ही परंपरा आपल्याकडे अजून नीट रुजलेली नाही.

या माशांना पाळण्याची पद्धत त्यांच्या जीवनक्रमातूनच निघाली. टाकीच्या तळाशी पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला शेवाळाचा भुसा, वाडग्यात ठेवायचा. नारळाच्या काथ्याचा उकळून धुतलेला भुसाही चालतो. मासे त्यात अंडी घालतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी भुसा काढून हलका पिळायचा, तंबाखूएवढा दमट ठेवायचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा. जातीनुसार काही आठवड्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत तो तसाच ठेवून मग त्यावर पाणी ओतले की पिल्ले बाहेर येतात.

अशी पिशवी पाकिटात घालून टपालाने पाठवता येते, हे ओळखायला शौकिनांना वेळ लागला नाही. अमेरिकेतील किलीफिश पाळणाऱ्यांची संघटना १९६१ मध्ये स्थापन झाली, जर्मनीतील १९६९ मध्ये. त्यानंतर जगभर अंड्यांची पाकिटे फिरू लागली. पण या मंडळींनी सुरुवातीपासून एक शिस्त लावून घेतली. पिशवीवर नुसते जातीचे नाव लिहून भागत नसे. मासा कोणत्या डबक्यातून, कोणत्या वर्षी, कोणी पकडला, हे सांकेतिक अक्षरांत जातीच्या नावापुढे लिहायचे आणि पिढ्यान्पिढ्या तसेच पुढे द्यायचे. दोन वेगळ्या ठिकाणचे मासे, जात एकच असली तरी, एका टाकीत वीण देण्यासाठी ठेवायचे नाहीत. हे पाळण्यासाठी ना कायदा होता, ना पगार. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ काटेकोरपणाचा हट्ट वाटला असता.

१९७० च्या सुमारास तेव्हाच्या ऱ्होडेशियात, आजच्या झिंबाब्वेत, गोनारेझू अभयारण्यातील एका डबक्यातून रिचर्ड फर्झर या शौकिनाने काही मासे आणले. १९७१ मध्ये जब या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याला नोथोब्रँकियस फर्झरी हे नाव दिले. त्याच डबक्याचे वंशज 'जीआरझेड' ही खूण घेऊन अमेरिका-युरोपातल्या घरांत तीस वर्षे वाढत राहिले. त्या काळात कुणा प्राध्यापकाला त्यांची गरज नव्हती.

२००३ मध्ये इटलीतील स्तेफानो वाल्देसालिची आणि अलेस्सांद्रो चेल्लेरीनो यांनी दाखवले की जीआरझेड वंशाचे मासे पोटभर अन्न आणि स्वच्छ पाणी मिळूनही साधारण बारा आठवड्यांत म्हातारे होऊन मरतात. प्रयोगशाळेत पैदास होणाऱ्या पृष्ठवंशीय प्राण्यांत इतके छोटे आयुष्य तोवर कोणाचेच माहीत नव्हते. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांची अडचण अशी की उंदीर दोन-तीन वर्षे जगतो, झेब्रामासा त्याहून जास्त; एका प्रयोगाला निम्मे शिष्यवृत्तीचे आयुष्य जाते. माशी आणि कृमी लवकर मरतात, पण त्यांना कणा नाही, आपल्यासारखे अवयव नाहीत. फर्झरी नेमका मधल्या रिकाम्या जागेत बसला. पाठीचा बाक, उडालेला रंग, मंदावलेली हालचाल, अर्बुदे अशी म्हातारपणाची बहुतेक चिन्हे त्याच्यात तीन महिन्यांत पाहायला मिळतात.

मग २००४ मध्ये मोझांबिकमधून याच जातीचे आणखी मासे आणले गेले. त्यांच्या खुणेत 'एमझेडएम', सालाचे ०४ आणि ठिकाणाचा क्रमांक. हे मासे प्रयोगशाळेत जीआरझेडपेक्षा कितीतरी जास्त जगले. एकच जात, दोन ठिकाणे, दोन आयुर्मर्यादा! दोघांचा संकर करून आयुष्याच्या लांबीशी जोडलेले जनुकभाग शोधता येऊ लागले. २०१५ मध्ये जर्मनीतील येना आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील गटांनी त्याचा जनुकसंच प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये कोलोन येथील प्रयोगात तरुण माशांच्या आतड्यातील जीवाणू मध्यमवयीन माशांना दिल्यावर त्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. २०१८ मध्ये चेक संशोधकांनी दाखवले की रानात हा मासा अंड्यातून बाहेर पडल्यावर चौदा दिवसांत वयात येऊ शकतो.

मधल्या तीस वर्षांत एखाद्या घरी दोन पिशव्यांतली अंडी एकत्र झाली असती आणि चिठ्ठी फाटली असती, तर यातले फार थोडे शक्य झाले असते. मासे राहिले असते, सुंदरही दिसले असते. पण ते कुठले, हे कोणालाच सांगता आले नसते. चिलापीचे जे झाले तेच.

मुंबईच्या नावावरचा मासा

आता राहिलेला प्रश्न: आपल्याकडे असा मासा का नाही? वार्षिक मासा नाही, पण किलीफिश आहेत. त्यांतला एक आपल्या अगदी जवळचा, पिकू. शास्त्रीय नाव अप्लोकायलस लिनिएटस. ओढ्यांच्या कडेला, विहिरींत, भातखाचरांच्या चरांत, पाण्याच्या अगदी पृष्ठभागालगत हा मासा स्थिर उभा असतो. चपटे डोके, वर वळलेले तोंड, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी आणि डोक्यावर एक चमकणारा पांढरा ठिपका. वरून पाहिले की आधी तो ठिपकाच दिसतो. याचे पहिले शास्त्रीय वर्णन व्हॅलेन्सिएन यांनी १८४६ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले आणि त्यासाठीचे नमुने द्युसुमिए या फ्रेंच प्रवाशाने आणले होते, ते मुंबईहून. म्हणजे या जातीचे मूळ ठिकाण म्हणून शास्त्राच्या दप्तरात मुंबईची नोंद आहे.

पिकू आणि नोथोब्रँकियस हे दूरचे नातेवाईक. पिकूचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नाहीत; ते आहेत मादागास्कर आणि सेशेल्स बेटांवर, पॅकिपँकॅक्स या प्रजातीत. भारत, मादागास्कर आणि सेशेल्स हे एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते आणि सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून सुटला, हे भूगोलाच्या पुस्तकात असते. १९९७ मध्ये मर्फी आणि कॉलियर यांनी या माशांच्या जनुकीय तुलनेतून वंशवृक्ष काढला, त्यात भारतीय-मादागास्करी शाखा आधी फुटलेली आणि आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांच्या शाखा एकमेकींना जवळच्या अशी मांडणी मिळाली. खंड फुटण्याचा क्रमही साधारण असाच आहे. शाखा फुटल्याचा नेमका काळ कोणता यावर मात्र अजून वाद चालतात.

अंडी मातीत थोपवून ठेवण्याची कला आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या शाखांत दिसते. नंतरच्या अभ्यासांनुसार ती एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे विकसित झाली. आपल्या शाखेत ती नाही. पिकूची अंडी पाणवनस्पतींना चिकटतात आणि पंधरवड्याच्या आत फुटतात. सुकणाऱ्या डबक्यातली जागा आपल्याकडे माशाने नव्हे, तर परी-कोळंबीसारख्या चिमुकल्या कवचधारी जीवांनी घेतली आहे. कोकणातल्या सड्यांवर पहिल्या पावसानंतर साचलेल्या पाण्यात ते दिसतात, आणि त्यांची अंडीही मातीत वर्षानुवर्षे थांबू शकतात.

पिकूची एक सार्वजनिक कारकीर्दही आहे. त्याला डासांच्या अळ्या फार आवडतात. १९११ मध्ये बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला, त्यात शहरातल्या विहिरींवर मुख्य बोट ठेवले होते. १९१२ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमतर्फे स्युएल आणि चौधुरी यांनी डास खाणाऱ्या भारतीय माशांची पुस्तिका काढली, त्यात पिकूच्या कुळाला मानाचे स्थान होते. पण पुढे १९२८ मध्ये गँबूसिया आला, गप्पी त्याआधीच आलेला होता. दोन्ही अमेरिका खंडातले. पिल्लांना थेट जन्म देणारे, त्यामुळे वाढवायला सोपे. आज ठाणे काय, कल्याण-डोंबिवली काय, नगरपालिकेच्या हिवताप मोहिमेत 'गप्पी मासे सोडा' हेच सांगितले जाते. पिकूचे नाव निघत नाही.

तो परत येतो तो दुकानातून. रंगीत माशांच्या दुकानात 'गोल्डन वंडर' नावाचा पिवळाजर्द मासा मिळतो. तो पिकूच आहे, निवडून पैदास केलेला. मुंबईच्या नावावर नोंदलेला मासा इंग्रजी नाव लावून कुर्ल्याच्या घाऊक बाजारातून डोंबिवलीत येतो, आणि त्याचे पूर्वज कोणत्या ओढ्यातले होते ते विकणाऱ्याला ठाऊक नसते, घेणाऱ्यालाही. दरम्यान भातखाचरांचे चर बुजले, विहिरींवर स्लॅब पडले. द्युसुमिएने पाहिलेल्या पाण्यातले पिकू कसे होते, हे ताडून पाहायला आता पॅरिसच्या बाटल्याच आहेत.

शौकीन माणसाने नोंद ठेवली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. तिथे अभिरक्षक राहिलेले बोमन छापगर आणि मासे पाळण्यात मुरलेले साने यांनी मिळून १९९२ मध्ये गोव्यातील एका छोट्या, देखण्या माशाचे नवी जात म्हणून वर्णन केले आणि मुंबई राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक सेटना यांचे नाव त्याला दिले. मासा कुठून आला हे माहीत होते, म्हणूनच ते करता आले.

शाळेत काय करता येईल?

नोथोब्रँकियस पाळायला अवघड नाही. वीस लिटरची टाकी, स्पंजाचा गाळक, उड्या मारू नये म्हणून झाकण, आणि खायला डासांच्या अळ्या किंवा आर्टेमियाची पिल्ले एवढ्यावर तो राहतो. त्याला मखमली रोग लवकर होतो, त्यावर लिटरमागे अर्धा-एक ग्रॅम मीठ हा जुना उपाय. मे महिन्यात डोंबिवलीच्या वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीचे पाणी तिशीच्या पलीकडे जाते. तो तेही काही काळ सोसतो, पण आधीच तोकडे असलेले आयुष्य आणखी आखडते. मात्र परदेशातून टपालाने अंडी मागवण्याच्या भानगडीत शाळेने पडू नये. जिवंत मासे आणि त्यांची अंडी आणायला सरकारी परवाना आणि रोगतपासणी लागते, आणि चिलापीचा इतिहास पाहता हे बंधन अनाठायी नाही.

शाळेसाठी पिकू पुरेसा आहे. येऊरच्या ओढ्यात तो दिसला तरी तिथून उचलू नये. ते राष्ट्रीय उद्यान आहे. गावाकडच्या चरातून किंवा विहिरीतून, मालकाला विचारून, दोन नर-तीन माद्या आणाव्यात. बरणीवर गाव, तालुका, पाण्याचा प्रकार, तारीख आणि आणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहावे, उद्यावर ठेवू नये. तीस-चाळीस लिटरची झाकलेली टाकी आणि वर तरंगता लोकरीच्या धाग्यांचा झुपका. मादी त्या धाग्यांत अंडी घालते. ती हलक्या हाताने काढून उथळ बशीत ठेवली की आरपार दिसतात. चार-पाच दिवसांनी साध्या भिंगाने धडधडणारे हृदय दिसते, मग डोळे, आणि बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. ती मोठ्यांबरोबर ठेवू नयेत, आई-बापच त्यांना गिळतात. एक पिकू दिवसाला किती अळ्या खातो हे मोजण्याचा प्रयोग आठवीच्या मुलांनाही जमतो, आणि शेजारी गप्पी ठेवला तर तुलनाही होते.

वर्षअखेरीस चरातून आणलेले मासे त्याच चरात परत सोडावेत, दुसऱ्या गावच्या नव्हे. टाकीत दुकानातला मासा ठेवला असेल तर कोणालाच सोडू नये, कारण रोगही सोबत जातात. आणि गोल्डन वंडर तर विहिरीत कधीच टाकू नये, तो जातीने पिकू असला तरी. तो दुसऱ्या टाकीवाल्याला द्यावा, आणि देताना चिठ्ठीवर 'दुकानातून घेतला, मूळ ठिकाण माहीत नाही' असे लिहून द्यावे.